लग्नाआधीचा आहेर

माझ्या लग्नाचा आहेर माझ्या लग्नाच्या कितीतरी आधी आला, आणि तो मी फोनवर घेतलेली कर्जं फेडण्यात घालवला. तेव्हा नवरा ठाऊक नव्हता, लग्नाचा विषयही घरात निघाला नव्हता. मी माणगावजवळच्या एका कॉलेजात बी. फार्म.च्या तिसऱ्या वर्षाला होते आणि होस्टेलवर राहत होते. हे वाचून कुणाला हसू आलं तर खुशाल हसावं. मलाही मध्येच येतं, पण टिकत नाही.

आमचं गाव रेवसच्या अलीकडे, खाडीच्या काठाला. पूर्वी घरची मिठागरं होती. आता तिथे पाणी साचतं आणि झुडपं वाढतात, आणि वडील बंदरातल्या कंटेनरचा ट्रेलर चालवतात. आई धवलारीण, लग्नातले धवले म्हणजे विधीची गाणी गाणारी. आम्हा आगरी लोकांच्या लग्नात भटजी उशिरा आला तर चालतं, धवलारीण उशिरा आली तर कुणाचं पान हलत नाही. हळदीच्या मांडवात पाटाशेजारची पहिली जागा तिची. ती देवांना, पितरांना, आजूबाजूच्या गावांना नावं घेऊन गाण्यातून बोलावणं करते. ती एक ओळ म्हणते, बाकीच्या बायका ती उचलतात, आणि मगच नवरीला हळद लागते. त्याबद्दल तिला नारळ, तांदूळ आणि साडी मिळते. आमच्या घरात तसल्या साड्यांनी भरलेलं एक कपाट आहे, त्यातल्या निम्म्या नेसवत नाहीत इतक्या भडक आहेत.

डीजेवाल्यांशी आईचं जुनं वैर. मांडवात स्पीकर उतरले की ती पदर खोचून तिकडे जायची आणि बजावायची, "माझं सरल्याबिगर हात लावलास तर वायर कापून टाकीन." एकदा तिनं खरोखर विळी मागवली होती. तो डीजेवाला नंतर कित्येक लग्नांत आईच्या पाया पडून मगच वायर जोडायचा. मला लहानपणी याचा फार अभिमान वाटायचा.

आता आहेराचं सांगते, कारण त्याशिवाय पुढचं कळणार नाही. आमच्याकडे आहेर म्हणजे पाकीट देऊन जेवायला बसणं नव्हे. आज मी तुझ्या मुलाच्या लग्नात घातला की उद्या तू माझ्या मुलीच्या लग्नात घालायचास, थोडा चढवून. मी रांगत होते तेव्हापासून आई गावोगावच्या लग्नांत आहेर घालत आली होती, कधी पैसे, कधी भांडं, कधी साडी, आणि तो सगळा माझ्या लग्नात परत येणार होता. कुणी किती घालायचं हे न सांगता सगळ्यांना ठाऊक असतं. एक गोष्ट मात्र कुणीच करत नाही. आहेर मागत नाही. न आलेल्या आहेरापायी माणसं वर्षानुवर्षं अबोला धरतील, पण तोंडानं मागणार नाहीत.

माझ्या कर्जाची गोष्ट तशी साधी आहे. फीसाठी बँकेचं शैक्षणिक कर्ज होतं. ते दर वर्षी उशिरा यायचं, तोवर मेस, होस्टेल, झेरॉक्स, प्रॅक्टिकलचं सामान अशी उसनवारी चालायची. एवढ्यानं कुणी बुडत नाही. मी बुडाले ती काकाच्या मुलीच्या हळदीत. आम्ही सगळ्या बहिणींनी एकसारख्या साड्या नेसायच्या असं ग्रुपवर ठरलं. मोरपंखी रंग, जरीचे काठ, वर एकसारखे दागिने, आणि मेकअपवालीही एकच, पेणहून बोलावलेली. ग्रुपवर "मला परवडत नाही" असं लिहिणारी मुलगी आमच्याकडे अजून जन्माला यायची आहे. मी अंगठ्याचं चित्र पाठवलं आणि त्याच दुपारी फोनवर एक कर्जाचं अॅप घेतलं. आधार कार्डाचा फोटो, माझा फोटो, फोनमधली नावं बघायची परवानगी. चहा उकळायच्या आत पैसे आले.

पुढे कितीतरी दिवस मी सांगताना पहिलं कर्ज परीक्षेच्या फीसाठी काढलं असंच सांगायचे. साडीसाठी काढलं होतं. साडी मात्र सुंदर होती, आणि फोटोत आम्ही सगळ्या इतक्या सारख्या दिसतो की मला स्वतःला शोधावं लागतं.

ते फेडायला दुसऱ्या अॅपवरून घेतलं, दुसऱ्याचं फेडायला तिसऱ्यावरून. व्याज आठवड्यानं लागतं हे मला तिसऱ्या वेळेला कळलं. आकडा सत्तर हजारांच्या पुढे गेला तेव्हा मी आकडा बघणंच सोडलं. वर्गात मागच्या बाकावर बसू लागले, मेसचं एक वेळचं जेवण बंद केलं. कॉलेज सोडून पनवेलला एखाद्या मॉलमध्ये कामाला लागावं असं मनात घोळायला लागलं. कुणाला विचारायचं तर लाज. औषधांचे डोस तोंडपाठ असलेल्या मुलीला साधं व्याज कळलं नाही, हे कुठल्या तोंडानं सांगायचं?

मग वसुलीवाल्यांनी माझ्या फोनमधल्या नावांना फोन लावायला सुरुवात केली. पहिला लावला आईला. आईला अनोळखी नंबरवरून फोन यायचे ते लग्नाचे. तिनं सवयीनं विचारलं, "कंच्या गावचं तुमी? हलद कवा हाय?" तो माणूस हिंदीत शिव्या देत होता आणि आई त्याला पुन्हा पुन्हा तारीख विचारत होती. तिनंच हे मला नंतर हसत हसत सांगितलं, आणि सांगता सांगता तिचं हसू गेलं.

त्या शनिवारी मी घरी आले. वडखळ नाक्यावर गाडी बदलताना एकदा वाटलं, परत फिरावं. घरी पोचले तर आई पडवीत मोड आलेले वाल सोलत बसली होती. वडील ट्रेलर घेऊन गुजरातेत गेले होते, ते आठवडाभर येणार नव्हते. मी पिशवी ठेवायच्या आत आई म्हणाली, "किती झालं ते एकदाच सांग, बाय. थोडं थोडं सांगू नको."

मी एकदाच सांगितलं. तिचा हात थांबला नाही. वालांची सालं एका बाजूला, डाळिंब्या दुसऱ्या बाजूला पडत राहिल्या, आणि ती एकेक वाट मोठ्यानं बोलून मोडीत काढत गेली. सोनं ट्रेलर घेताना गहाण पडलं होतं, ते अजून सुटलं नव्हतं. जमीन चार भावांत, आणि त्या चौघांच्या सह्या एका कागदावर येईपर्यंत माझे केस पिकले असते. वडिलांना सांगायचं तर ते मला दुसऱ्या दिवशी सामानासकट घरी घेऊन आले असते.

"बापाला कललं तर तुझी शाला बंद," ती म्हणाली. कॉलेजला ती कायम शाळाच म्हणायची.

"मीच सोडते," मी म्हटलं. "काम बघते कुठेतरी."

तिनं हातातले वाल माझ्या अंगावर फेकले. "मग आतापरतं काय गोट्या खेलाला गेलतीस? सोडते म्हने!" थोड्या वेळानं ते तिनंच वेचले, आणि म्हणाली, "मना उद्याचा दिस दे."

कॉलेजात विद्यार्थ्यांच्या अडचणी बघणाऱ्या एक मॅडम होत्या. सोमवारी त्यांना जाऊन भेटावं असं माझ्या मनात चारदा येऊन गेलं होतं, अगदी त्या शनिवारीसुद्धा. मी ते आईला बोलले नाही. बोलले असते तर ती सोमवारपर्यंत थांबली असती की नाही, मला सांगता येत नाही. तिचा स्वभाव बघता नसतीच थांबली. तरीही आजसुद्धा मी त्या शनिवारात जाऊन ते वाक्य बोलून बघते.

रविवारी सकाळी आई हिरवी साडी नेसली, ती गायला जाताना नेसते ती. मला वाटलं, कुणाकडे मांडव असेल. ती गेली आणि मी मोबाइल उशीखाली घालून पडून राहिले.

दुपारी शेजारची काकू आली. ही काकू आईच्या मागे बसून धवले उचलणारी, आईची ओळ संपायच्या आत हिची सुरू व्हायची. तिच्या तिन्ही मुलांच्या हळदीला आईच गायली होती. तिच्या हातात ताट होतं, आणि ताटात नारळ, कुंकू, थोडे तांदूळ आणि एक पाकीट. मी जुना टी-शर्ट आणि ढगळ पँट घालून केस न विंचरता बसले होते.

"पाटावर बस," ती म्हणाली.

"का?"

"बस म्हनते ना."

मी पाट घेऊन बसले. तिनं मला कुंकू लावलं, त्यावर तांदूळ चिकटवले, नारळ हातात दिला आणि पाकीट नारळावर ठेवलं. "तुझे लग्नाचा आहेर हाय," ती म्हणाली. "तुझी आय सकाली दारात आली आनि बोलली, पोरीच्या लग्नात घालशील तो आताच दे, तवा घालू नको. आहेर असा उघड्या हातानं देतात का? म्हनून ताट घेऊन आले. ओटी न्हाय भरली, ती लग्नालाच भरीन." मग ती माझ्याकडे बघत उभी राहिली आणि हळू आवाजात म्हणाली, "दिला असता गं कसाबी. तिनं मागाला नको व्हता."

ती गेल्यावर मी तशीच पाटावर बसून होते. कपाळावरचे तांदूळ एकेक करून टी-शर्टवर पडत होते. आई गावात दारोदार फिरत होती, आपल्या गाण्याच्या साडीत, आणि जे आमच्याकडे कुणी कधीच मागत नाही ते मागत होती. मला इतकी लाज वाटली की रडूही आलं नाही.

संध्याकाळी आई आली. कुणी नाही म्हटलं नव्हतं. एकाही घरानं नाही, आणि वडिलांच्या कानावर घालणार नाही असंही सगळ्यांनी कबूल केलं होतं. मी तिला म्हटलं, हे सगळं परत देऊन ये, मी काहीतरी करते. ती माझ्यावर डाफरली, "आहेर परत करतात का कुठं? अपशकुन हाय तो." बाजूच्या आळीतल्या मोबाइलच्या दुकानात जाऊन तिनं पैसे माझ्या खात्यावर घातले, आणि मी तिच्यासमोरच एकेक अॅप मोकळं केलं. प्रत्येक वेळी ती विचारायची, "सुटला?" आणि मी व्हय म्हणायचे.

सोमवारी मी कॉलेजात गेले ती हलकी होऊन. इतकी हलकी, की मॅडमनी जिन्यात थांबवून गैरहजेरीबद्दल विचारलं तेव्हा मी सगळं सांगून टाकलं, जणू एखादी परीक्षा पास झाल्यासारखं. त्यांनी मला केबिनमध्ये नेलं, पाणी दिलं. मग त्या जे बोलल्या ते मी शब्द न शब्द ऐकलं आणि ऐकायला नको असं वाटत राहिलं.

कॉलेजची फी हप्त्यानं भरता आली असती, फक्त अर्ज द्यायचा. अडलेल्या मुलांसाठी मदतनिधी होता, त्याची सूचना पाण्याच्या कूलरवरच्या फळ्यावर लावलेली होती. मी रोज तिथे बाटली भरायचे. बँकेत जाऊन शैक्षणिक कर्जाचा राहिलेला हप्ता लवकर सोडवून घेता आला असता, कॉलेज पत्र देतं. फोनमधल्या नावांना धमक्या देणं बेकायदेशीर आहे, त्याची पोलिसांत सायबर विभागाकडे तक्रार होते. यातल्या काही अॅपना कर्ज द्यायची परवानगीच नसते, आणि ज्यांना असते त्यांच्याशी लेखी बोलून हप्ते ठरवून घेता येतात. एकाचं फेडायला दुसरं घेणं मात्र कधीच करायचं नाही. हे सगळं त्यांनी मला न रागावता सांगितलं. शेवटी म्हणाल्या, "थोडी आधी आली असतीस तर."

हे वाक्य मला त्यांच्यापेक्षा जास्त वेळा ऐकू आलं आहे. महिन्याभरात एका अॅपनं पुन्हा बाकी दाखवून फोन सुरू केले, तेव्हा मॅडम माझ्याबरोबर तक्रार द्यायला आल्या आणि ते फोन बंद झाले. म्हणजे हे होऊ शकत होतं. निदान काही दारं तरी आईला चुकवता आली असती. आता माझ्याकडे गावातली कुणी शिकणारी मुलं पैशाच्या भानगडीत अडकून आली, आणि येतात, की मी त्यांना बाकी काही सांगायच्या आधी विचारते, "घरी सांगितलंस का? आणि कॉलेजात?" दोन्हीकडे एकाच दिवशी सांग, म्हणते. का ते नाही सांगत.

आई त्यानंतर गायला गेली नाही. सुरुवातीला घसा बसलाय म्हणाली, मग गुडघे दुखतात म्हणाली. लग्नाचे फोन यायचे, ती गावाचं नाव विचारायची, हळदीची तारीख विचारायची आणि मग सांगायची, दुसरी कुणी बघा. मी सुट्टीत घरी आले की भांडायचे. एकदा मी चिडून म्हटलं, "कोण काय बोललं तुला? नाव सांग, मी जाऊन विचारते."

"कोन बोललं न्हाय," आई म्हणाली. "त्याच बायांच्या म्होरं पैल्या जाग्यावर बसून मी देवाला बोलवायचं. मना न्हाय जमत."

"पण त्या तुला बोलावतायत ना?"

"त्या बोलवतात. मीच ज्याच्या-त्याच्या दारात जाऊन आले, बाय."

बी. फार्म. झालं. रोह्याकडच्या एका औषधांच्या कारखान्यात नोकरी लागली. पहिल्या पगारापासून मी त्या घरांतल्या प्रत्येक लग्नाला जाते आणि आहेर घालते, लागतो त्याहून जास्त. बायका कौतुकानं घेतात. काकूनं एकदा पाकीट उघडून त्यातली एक नोट मला परत दिली, "एवढा चढवू नको, मग मना फेडाला मरन." आम्ही दोघी हसलो. त्या मांडवात आई नव्हती. धवले कुणाच्या तरी फोनवरून स्पीकरला जोडून वाजवले जात होते.

माझं लग्न गेल्या वर्षी झालं. पत्रिकेवर मी मोठ्या अक्षरांत छापून घेतलं, कृपया आहेर आणू नये. आता शिकलेल्या लोकांत अशी पद्धत आहे, त्यामुळे कुणाला काही वाटणार नाही आणि आईलाही कुणाच्या हाताकडे बघावं लागणार नाही, असा माझा हिशोब. मी स्वतःला फार हुशार समजत होते. आणि मी आईकडे एकच गोष्ट मागितली. माझ्या हळदीला तू बस.

ती कितीतरी दिवस हो म्हणाली नाही. हळदीच्या दुपारी मात्र तिनं कपाटातून हिरवी साडी काढली. मला पाटावर बसवलं, आणि ती येऊन माझ्या शेजारी, तिच्या जागेवर बसली. तिच्या मागे काकू. गावातल्या सगळ्या बायका सरकून सरकून जवळ आल्या. किती तरी दिवसांनी तो मांडव मला ओळखीचा वाटला. आईनं डीजेवाल्याकडे नुसतं बघितलं, तर त्यानं हात वर करून वायर सोडली. बायका खुसखुसल्या. आईचं तोंड लाल झालं, आनंदानंच.

तिनं घसा साफ केला. तेवढ्यात मागून एका नव्या सुनेनं विचारलं, "नवरीला आहेर खरंच घालायचा न्हाय का?"

काकू मोठ्यानं म्हणाली, "हिचा आहेर आमी कवाच घातलाय गं! ही आमच्या सगल्यांची पोर हाय."

प्रेमानं म्हणाली. याहून जास्त प्रेमानं कुणी काही म्हणू शकत नाही. सगळ्या बायका हसल्या, दोघीतिघींनी माझ्या गालावर हळद चोपडली, आई पण हसली. मग सगळ्या गप्प झाल्या, कारण आता आईनं पहिली ओळ म्हणायची आणि त्यांनी ती उचलायची.

आईनं तोंड उघडलं. मी शेजारून तिच्याकडे बघत होते. तिचे ओठ हलले, गळ्याची शीर वर आली, आणि आवाज आला नाही. काकू पुढे वाकून वाट बघत होती. पोरंसुद्धा थांबली होती. आईनं पुन्हा एकदा घसा साफ केला, पदर नीट केला, आणि मांडवाच्या कोपऱ्याकडे मान वळवून डीजेवाल्याला म्हणाली, "लाव रं तुझं."

तो तिच्याकडे बघतच राहिला. त्याला वाटलं, मस्करी करते. "लाव ना," ती पुन्हा म्हणाली. मी पाटावर बसले होते, तोंडाला हातांना हळद लागलेली, आणि विधी पुरा झाल्याशिवाय नवरीला पाटावरून उठता येत नाही.